हिणाचे गुण : मिश्रधातूंचे रसायन



सोन्याविषयी आपल्या भाषेत जेवढे आदराचे शब्द आहेत, तेवढेच सोन्यात मिसळलेल्या दुसऱ्या धातूविषयी अनादराचे आहेत. चोख सोने ते बावनकशी. आणि त्यात मिसळलेले तांबे-रुपे ते हीण. अशा सोन्याला आपण हिणकस म्हणतो, आणि पुढे तोच शब्द माणसाच्या विचारांना, वाङ्मयाला आणि वागणुकीलाही लावतो. मुलामा उडाला की आतले पितळ उघडे पडते, आणि ती मोठीच नामुष्की समजली जाते. भाषेने दिलेला हा निवाडा सराफाच्या पेढीवर रास्त आहे, कारण तेथे प्रश्न किमतीचा असतो. परंतु रसायनशास्त्राच्या दरबारात हाच खटला उभा केला तर निकाल निराळा लागतो. तो कसा, हे आज आपल्यापुढे मांडण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम पुरावा पाहू. आज सकाळपासून आपण ज्या ज्या धातूच्या वस्तूंना हात लावला असेल त्या आठवा. कुलपाची किल्ली, नळाची तोटी, स्वयंपाकघरातील पातेले, विळी, शिवणाची सुई, खिशातील नाणे, गळ्यातील मंगळसूत्र. यांत शुद्ध धातू जवळजवळ कोठेच नाही. शुद्ध धातूचा मान घरात एकाच ठिकाणी सांभाळला जातो, आणि तो म्हणजे विजेच्या तारेतील तांबे. बाकी सगळा संसार हिणाच्या जोरावर चाललेला आहे. असे का व्हावे?

याचे उत्तर शोधायचे तर धातूच्या अंतरंगात शिरले पाहिजे. मंडईतील फळवाला मोसंब्यांची रास रचतो, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. खालच्या थरातील तीन मोसंब्यांमध्ये जो खळगा पडतो, त्यात वरच्या थरातील एक मोसंबे बसते. राशीच्या पोटातील कोणतेही मोसंबे घ्या, त्याला बारा शेजारी असतात: सहा आपल्याच थरातील, तीन वरचे, तीन खालचे. सोने, चांदी, तांबे, ॲल्युमिनियम यांचे अणू नेमके असेच रचलेले असतात. आणि या सर्व अणूंनी आपापले बाहेरचे इलेक्ट्रॉन जणू सार्वजनिक खात्यात जमा केलेले असतात. ते इलेक्ट्रॉन कोणा एका अणूचे नव्हेत. साऱ्या राशीत ते मोकळे फिरतात आणि साऱ्या राशीला एकत्र धरून ठेवतात. धातूची चकाकी, उष्णता व वीज वाहून नेण्याची शक्ती, हे सारे या सामाईक भांडवलाचे व्याज आहे.

याच रचनेमुळे धातू मऊ असतो. मिठाचा खडा ठोकला की फुटतो, कारण त्यातील थर किंचित सरकले की सजातीय विद्युतभाराचे कण समोरासमोर येतात आणि एकमेकांना दूर लोटतात. धातूत तसे घडत नाही. एक थर दुसऱ्यावरून सरकला तरी इलेक्ट्रॉनांचे बंधन कायमच राहते. म्हणून एक ग्रॅम सोने ठोकून सुमारे एक चौरस मीटरचा वर्ख करता येतो.

मात्र सगळा थर एकदम सरकत नाही. एखादी मोठी सतरंजी ओढून सरकवायची म्हटली तर चार माणसे लागतात. पण तिच्या एका टोकाला सुरकुती पाडून ती पुढे पुढे ढकलीत नेली, तर एकटा मुलगाही तिला हातभर सरकवू शकतो. धातूच्या स्फटिकात अशाच सुरकुत्या असतात. टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी १९३४ मध्ये स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली, आणि शुद्ध धातू इतका मऊ का, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले. बळकटपणा हवा असेल तर या सुरकुतीची वाट अडवली पाहिजे. मिश्रधातूंचे बहुतेक सारे शास्त्र म्हणजे ही वाट कशी अडवावी याचे शास्त्र होय.

पहिला उपाय म्हणजे एका अणूच्या जागी दुसऱ्या जातीचा अणू बसवणे. साखर पाण्यात विरघळावी तसा एक धातू दुसऱ्यात विरघळतो; फरक इतकाच की हे द्रावण घट्ट असते. सोने आणि चांदी यांचे अणू आकाराने जवळजवळ सारखे असल्याने चांदी सोन्यात बिनतक्रार सामावते. तांब्याचा अणू सोन्याच्या अणूपेक्षा सुमारे अकरा टक्क्यांनी लहान. तो राशीत बसतो खरा, पण भोवतालची रांग थोडी वाकडी होते आणि सुरकुती तेथे अडखळते. म्हणून चोवीस भागांत दोन भाग हीण घातलेल्या बावीस कॅरटच्या पाटल्या अंगावर टिकतात, आणि चोख सोन्याच्या पाटल्या वापरता वापरता वाकतात. चांदी अधिक घातली तर सोन्याला फिकट पिवळी झाक येते, तांबे अधिक घातले तर लालसर. सोनार हे पिढ्यान्‌पिढ्या जाणत आला आहे.

कोणता धातू कोणात किती विरघळेल याचे नियम ऑक्सफर्डच्या विल्यम ह्यूम-रॉदरी यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादात बसवले. तारुण्यातच आजारामुळे त्यांची श्रवणशक्ती गेली होती. पण धातूंची कुळकथा त्यांच्याइतकी बारकाईने थोड्यांनीच ऐकली असेल. त्यांचे नियम आपल्याकडील पत्रिका जुळवण्यासारखे आहेत. दोन अणूंच्या आकारांत पंधरा टक्क्यांहून अधिक तफावत नसावी. दोघांची स्फटिकरचना एक असावी. इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीत एकाने फार ओढ घेऊ नये. आणि संयुजेत फार अंतर नसावे. तांबे आणि निकेल यांचे छत्तीस गुण जुळतात, म्हणून ते कोणत्याही प्रमाणात एकमेकांत विरघळतात. पंचाहत्तर भाग तांब्यात पंचवीस भाग निकेल घातले की तांब्याचा लाल रंग पार नाहीसा होऊन रुपेरी नाणे तयार होते. तांबे आणि जस्त यांचा संसार साधारण एक-तृतीयांश जस्तापर्यंत सुखाने चालतो. ते आपले पितळ. त्यापुढे जस्त वाढवीत गेल्यास तांब्याची रचना टिकत नाही, निराळी रचना उभी राहते, आणि पितळ कठीण व शेवटी ठिसूळ होते.

आपल्या रुपयाचीच कुंडली पाहा. इंग्रजी अमदानीतील तोळाभर वजनाच्या रुपयात बारापैकी अकरा भाग चांदी असे. दुसरे महायुद्ध सुरू झाले, आणि १९४० मध्ये चांदी निम्म्यावर आली. उरलेल्यात चाळीस टक्के तांबे आणि पाच-पाच टक्के निकेल व जस्त. १९४७ मध्ये चांदी पुरती गेली आणि रुपया निकेलचा झाला. अलीकडच्या वर्षांतील एक व दोन रुपयांची नाणी तर त्र्याऐंशी टक्के लोखंड आणि सतरा टक्के क्रोमियम यांची आहेत. सराफाच्या दृष्टीने ही घसरण. पण बाजारात हजारो हातांतून फिरण्याचे काम हे पोलादी नाणे चांदीच्या नाण्यापेक्षा कमी झिजता करते.

दुसरा उपाय लोहाराचा. कार्बनचा अणू लोखंडाच्या अणूहून पुष्कळ लहान. तो लोखंडाच्या अणूची जागा घेत नाही. मोसंब्यांच्या राशीत बोर शिरावे तसा तो फटीत शिरतो. तापलेल्या लोखंडाची रचना ९१२ अंश सेल्सिअसच्या वर बदलते आणि तिच्यातील फटी प्रशस्त होतात; तेथे फार तर दोन टक्क्यांपर्यंत कार्बन मावतो. थंड लोखंडात मात्र त्याला मुळीच थारा नसतो. सावकाश थंड होऊ दिले तर कार्बन बाहेर पडून लोखंडाशी संयोग पावतो आणि पोलाद मवाळ राहते. पण लालबुंद पाते एकदम पाण्यात बुडवले तर कार्बनला निघून जायला सवड मिळत नाही. तो जागच्या जागी कोंडला जातो, सारी रचना ताणली जाते, आणि पाते अतिशय कठीण होते. यालाच आपण विळ्याला पाणी देणे म्हणतो, आणि तलवारीवरून हा ‘पाणीदार’पणा आपण माणसालाही बहाल केला आहे. नुसते कठीण पाते काचेसारखे तडकते, म्हणून लोहार ते पुन्हा बेताने तापवतो. पात्यावर पिवळी, मग तपकिरी, मग निळी झाक चढते, आणि ती पाहून तो हात आवरतो. शंभरात अर्धा-एक भाग कार्बन, आणि त्यावर नांगराचा फाळ, करवत आणि आगगाडीचे रूळ उभे आहेत.

आता गंमत पाहा. पोलाद पाण्यात बुडवले की कठीण होते. पण काशाची वाटी लाल तापवून पाण्यात बुडवली की तिचा ठिसूळपणा कमी होतो! उन्हाळ्यात जिने तळपाय घासतात ती ही वाटी. अठ्ठ्याहत्तर भाग तांबे व बावीस भाग कथील हे काशाचे नामी प्रमाण. कथलाचा अणू तांब्याच्या अणूहून बराच मोठा, तेव्हा पत्रिका नीट जुळत नाही. थोडे कथील विरघळते. अधिक झाले की तांबे व कथील मिळून निश्चित रचनेची संयुगे बनतात. ही संयुगे कठीण असतात, पण त्यांच्यात थर सरकत नाहीत, म्हणून ती ठिसूळ. कासे सावकाश थंड केले तर अशी संयुगे त्यात दाटतात, आणि ते हातोडीच्या घावाने फुटते. परंतु सुमारे ६०० अंशांच्या वर तेच कासे ठोकून घडवता येते. आणि तसेच पाण्यात बुडवले तर ठिसूळ संयुग तयार होण्याआधीच रचना गोठते. कासार हे नाव कांस्यकारावरून आले. त्या कारागिरांनी हा आलेख कागदावर पाहिला नव्हता. त्यांनी तो डोळ्याने आणि हाताने वाचला होता.

जो ठिसूळपणा ताटाला बाधतो तोच घंटेला उपकारक. कठीण धातूत कंपने लवकर विरत नाहीत, म्हणून घंटेच्या ओतीव काशात कथलाचे प्रमाण वीस टक्क्यांच्या पुढे नेतात. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर मराठ्यांनी आणलेल्या पोर्तुगीज घंटा भीमाशंकरी आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहेत. त्यांचा नाद ऐकताना तांब्याबरोबर कथलाचीही आठवण ठेवावी. आणि ही विद्या या भूमीला फार जुनी आहे. प्रवरेकाठी दायमाबाद येथे १९७४ मध्ये रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार भरीव ताम्रयुगीन शिल्पे सापडली. तपासणीत त्यांच्या तांब्यात एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक, म्हणजे सोमलातील मूलद्रव्य, आढळले. तांबे कठीण करण्यास आणि ओतकाम निर्दोष करण्यास ते मदत करते. तो अंश खनिजातून आला असो वा हेतुतः घातलेला असो, शिल्प साधले ते हिणासकट.

तिसरा उपाय काळाचा. १९०६ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड विल्म हे ॲल्युमिनियम कठीण करण्याच्या खटपटीत होते. त्यांनी त्यात सुमारे चार टक्के तांबे व थोडे मॅग्नेशियम घातले, धातू तापवून पाण्यात बुडवला, आणि कठीणपणा मोजला. तो बेताचाच भरला. दोनेक दिवसांनी पुन्हा मोजतात तो तुकडा आपोआप पुष्कळ कठीण झालेला! लोणचे मुरावे तसा तो धातू मुरला होता. हा ड्युरालुमिन. एकदम थंड केल्यामुळे तांब्याचे अणू ॲल्युमिनियममध्ये कोंडले गेले होते. ते हळूहळू एकत्र येऊन त्यांचे अतिसूक्ष्म पुंजके झाले, आणि त्या पुंजक्यांनी सुरकुत्यांची वाट रोखली. हे पुंजके इतके बारीक की सूक्ष्मदर्शकात दिसत नव्हते. १९३८ मध्ये फ्रान्सचे गिनिए व इंग्लंडचे प्रेस्टन यांनी क्ष-किरणांनी त्यांचा पत्ता लावला. विमानाचा सांगाडा हलका आणि मजबूत झाला तो या मुरण्याच्या गुणावर.

हीण केवळ बळकटी देत नाही, रक्षणही करते. १९१३ मध्ये शेफील्डचे हॅरी ब्रियर्ली हे बंदुकीच्या नळीसाठी पोलाद शोधत असताना त्यांनी सुमारे तेरा टक्के क्रोमियमचे पोलाद ओतले; ते आम्लाने सहजी खाल्ले जाईना. क्रोमियम हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून पृष्ठावर एक अदृश्य, अभेद्य पापुद्रा तयार करते. ओरखडा पडला तर तो आपणच भरून येतो. हेच आपले स्टेनलेस स्टील. बाजारात भांड्याला लोहचुंबक लावून पाहण्याची चाल आहे, आणि चिकटले की स्टील खोटे असे म्हणतात. हा समज बरोबर नाही. निकेल पुरेसे घातले की पोलादाची रचना बदलते व चुंबक चिकटत नाही, एवढेच चुंबक सांगू शकते. आणि निकेलऐवजी मँगनीज वापरूनही तोच परिणाम साधतो. गंज अडवते ते क्रोमियम, आणि क्रोमियमविषयी चुंबक काहीच सांगत नाही. सतरा टक्के क्रोमियमच्या आपल्या नाण्याला चुंबक चिकटते, तरी ते गंजत नाही.

येथवर आम्ही हिणाची वकिली केली. आता दुसरी बाजू मांडली नाही तर आपल्याशी अन्याय होईल.

आइस्क्रीमच्या पॉटात बर्फावर मीठ टाकतात, कारण मिठाने बर्फाचा गोठणबिंदू खाली जातो. धातूंतही असेच घडते. कथील २३२ अंशांना वितळते, शिसे ३२७ अंशांना. पण त्रेसष्ट भाग कथील व सदतीस भाग शिसे एकत्र केले तर ते १८३ अंशांनाच वितळते. झाळकाम करणाऱ्याला ही पर्वणीच. आपले सोल्डर ते हेच. पण हाच गुण कल्हईच्या भट्टीवर मोह घालतो.

कल्हई हे उत्तम रसायन आहे. तापलेल्या भांड्यात टाकलेल्या नवसागरातून आम्लाची वाफ सुटते आणि ती भांड्यावरील काळा ऑक्साइड खाऊन टाकते. स्वच्छ झालेल्या तांब्या-पितळेवर कथील पसरते, आणि जेथे दोघांची भेट होते तेथे तांबे-कथलाच्या संयुगाचा पातळ थर जमतो. म्हणून कल्हई रंगाप्रमाणे नुसती वर बसत नाही, ती भांड्याला धरते. तिच्यामुळे पितळेच्या पातेल्यातील आमटी, ताक वा चिंचेचे सार कळकत नाही. परंतु शिसे कथलाहून स्वस्त. ते मिसळले की धातू आणखी लवकर वितळतो, सहज पसरतो, आणि चकाकी पहिल्या दिवशी तशीच दिसते. मग चिंचेचे आम्ल ते शिसे थोडे थोडे अन्नात उतरवते. शिसे शरीरात साठून राहते आणि सर्वांत अधिक घात करते तो वाढत्या मुलांच्या मेंदूचा. त्याचे अमुक प्रमाण निर्धोक आहे असे जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही.

शुद्ध कथलाची कांडी वाकवली तर करकर असा आवाज येतो, आणि शिशाचे प्रमाण पुष्कळ असेल तर कांडी कागदावर करडी रेघ ओढते. परंतु थोडे शिसे या परीक्षांतून निसटते. तेथे प्रयोगशाळेलाच शरण गेले पाहिजे. तेव्हा कल्हईचे दोन पैसे वाचवण्याऐवजी कथील कोठले हे विचारावे, आणि खात्री नसेल तर त्या भांड्यात आंबट शिजवू नये.

सोन्याचीही अशीच एक गोष्ट. दागिन्याचे सांधे जोडताना कस उतरू नये म्हणून सोन्यात थोडे कॅडमियम घालून झाळण्याची पद्धत पडली, आणि ‘केडीएम’ ही अक्षरे पाट्यांवर झळकली. गिऱ्हाइकाला कस पुरेपूर मिळे. पण कॅडमियम ७६७ अंशांना उकळते. दिव्याच्या ज्योतीपुढे त्याची वाफ होते आणि ती कारागिराच्या फुप्फुसांत व मूत्रपिंडांत जाते. दागिना शुद्ध, पण त्याची किंमत दुसऱ्यानेच मोजलेली! भारतीय मानक ब्युरोने त्यास मनाई केली ती योग्यच होय. २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क बंधनकारक झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी ओळखक्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दागिन्यावर ९१६ हा आकडा दिसला, तर हजारांत नऊशे सोळा भाग सोने आहे असे समजावे. उरलेले चौऱ्याऐंशी भाग ही लबाडी नव्हे. ती दागिन्याची ताकद आहे, आणि ती उघडपणे लिहून दिलेली आहे.

तेव्हा निकाल काय? दुसरा धातू मिसळला म्हणजे पहिला हीन झाला, हे रसायनशास्त्राला मान्य नाही. विजेच्या तारेत परका अणू इलेक्ट्रॉनांची वाट अडवतो, म्हणून तेथे शुद्धता हवी. तोच परका अणू विळीच्या पात्यात सुरकुतीची वाट अडवतो, म्हणून तेथे मिश्रण हवे. शिसे सोल्डरात कामाचे, कल्हईत घातक. धातू तोच, काम बदलले, गुणाचा दोष झाला. मिश्रधातू आणि भेसळ यांतील भेद धातूंच्या जातीत नाही. काय मिसळले, किती मिसळले, कशासाठी मिसळले, आणि ज्याच्या हाती वस्तू जाणार त्याला ते सांगितले की नाही, या चार प्रश्नांच्या उत्तरांत तो भेद आहे. त्यांतील पहिले तीन प्रश्न शास्त्रज्ञाचे व कारागिराचे; चौथा आपणा सर्वांचा, आणि तो विचारण्याचा हक्क प्रत्येक गिऱ्हाइकाला आहे. तो हक्क आपण बजवावा, एवढीच विनंती.